तारलीच्या अंड्यांचं दुसरं वाचन

सुमन,

परवा कॉलेजात तुझी शोकसभा झाली. एकामागून एक माणसं उठली आणि तुला मृदुभाषी म्हणाली, मनमिळाऊ म्हणाली. एका बाईंनी तर तू उभ्या आयुष्यात कुणाला उलटून बोलली नाहीस असंही ठोकून दिलं. मी पहिल्या रांगेत होते. पदर तोंडाशी घेतला तेव्हा लोकांना वाटलं, बिचारी रडू आवरतेय. मला हसू आवरत नव्हतं. सवयीनं शेजारी बघितलं, तुला कोपर मारायला, आणि शेजारच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स ठेवलेली होती. मग मात्र पदर खरोखरच कामाला आला.

सभा संपल्यावर प्राचार्य म्हणाले, मॅडम, कॉलेजच्या अंकासाठी तुम्हीच दोन पानं लिहा. जन्म, शिक्षण, नोकरी, संशोधन. ते सगळं ऑफिसातल्या फायलीत आहे, कुणीही उतरवून काढील. मी हे लिहितेय ते त्यांच्या उपयोगाचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. खरं सांगायचं तर भांडायचंय, आणि ते तुला ऐकून घ्यावं लागेल, कारण आता उठून जायची सोय तुला राहिलेली नाही.

उस्मानपुऱ्यातली आपली कामाची खोली मी सोडलेली नाही. जिना चढताना निम्म्यातच फॉर्मालिनचा वास येतो, तो आता माझ्या एकटीच्या अंगाला लागतो. खालचा झेरॉक्सवाला सलीम अजून मला बघून उठून उभा राहतो आणि मग पुन्हा बसतो. आठवतं, पहिल्या वर्षी त्यानं तुला विचारलं होतं, "मॅडम, ऊपर इत्ते बरन्या जा रहे, अचार का कारखाना डाले क्या?" तू म्हणालीस, "हाँ, समुंदर का अचार." तो आठवडाभर आपल्याकडं संशयानं बघत होता. मग एकदा जिन्यावरच उभी राहून तू त्याला सगळं समजावलंस, आणि तसं मी इतक्या वर्षांच्या शिकवण्यात कुणाला समजावलं नव्हतं.

समुद्रात तारली मासळी किती आहे हे कळायचं कसं, असा प्रश्न होता. मासे काही रांगेत उभे राहत नाहीत. तू म्हणालीस, सलीमभाई, समजा रानात मेंढरांचा मोठा कळप आहे आणि तो तुला दिसत नाही, पण एका दिवसात किती कोकरं झाली तेवढं कळतं. एका दिवसाला साधारण किती मेंढ्या वितात, एक मेंढी किती पिलं देते आणि कळपात नर किती हे ठाऊक असलं तर कोकरांवरून उलटं गणित करून सगळा कळप काढता येतो. समुद्रात कोकरांच्या जागी अंडी. जहाज ठरलेल्या ठिकाणी जाळं खाली सोडतं, वर ओढतं, जे सापडेल ते बाटलीत भरून, कुजू नये म्हणून फॉर्मालिन ओततं, आणि बाटल्यांची खोकी आमच्याकडं येतात. आम्ही अंडी मोजतो. सलीम म्हणाला, "और समुंदर इधर से कित्ता दूर है, मॅडम?" तू म्हणालीस, "म्हणून तर आमच्याकडं पाठवतात. आम्हाला त्याची माया नाय."

खरं कारण त्याहून साधं होतं. आपला जुना विद्यार्थी निलेश तिकडं किनाऱ्यावरच्या संस्थेत लागला होता आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली दिवसभर मान घालून बसणारी माणसं त्याला मिळत नव्हती. आपण दोघी नुकत्याच निवृत्त झालो होतो, डोळे शाबूत होते, आणि घरी कुणी वाट बघत नव्हतं. माझा मुलगा पुण्यात, माझे हे जाऊन बरीच वर्षं झालेली. तू तर लग्नाच्या भानगडीतच पडली नव्हतीस. निलेशला वाटलं असेल, वर्षभर करतील. आपण ते काम नोकरीपेक्षा जास्त मनापासून केलं.

काम करायची आपली एक पद्धत होती, आणि ती सगळी तुझी. प्रत्येक बाटली दोघींनी वाचायची, वेगवेगळी, एकमेकींशी अवाक्षर न बोलता. थाळीत पाणी, पाण्यात समुद्राचा सगळा कचरा, आणि त्यात ते काचेच्या मण्यासारखं अंडं. कवच आणि आतला बलक यांच्यात ऐसपैस मोकळी जागा आणि तेलाचा एकच थेंब असला की ते तारलीचं. मग त्याचं वय. आत नुसत्या पेशी आहेत, की डोकं आलंय, की शेपूट सुटून हलायला लागलीय. ऊबदार पाण्यात सगळा खेळ जेमतेम एका दिवसाचा. आणि शेवटी सगळ्यात अवघड प्रश्न, हे अंडं जाळ्यात आलं तेव्हा जिवंत होतं का? समुद्रातच मेलेलं अंडं आतून पांढुरकं, धुरकट दिसतं. ते जिवंतांच्या मोजणीत धरायचं नाही. जिवंत अंडी कमी भरली की आयाही कमी निघतात, साठा आटल्यासारखा दिसतो आणि तिकडं मासेमारीवर बंधनं येतात. म्हणजे उस्मानपुऱ्यात बसून आपण एखादं अंडं मेलेलं म्हटलं की किनाऱ्यावर कुणाची तरी होडी वाळूत बसायची. तू हे मला इतक्या वेळा ऐकवलंस की मी कंटाळून म्हणायचे, बाई, मी अंडं बघते आहे, होडी नाही.

दोघींचं ज्या अंड्यावर जुळायचं नाही ते बाजूला एका काचनळीत जायचं. तिचं नाव तू भांडणाची नळी ठेवलं होतंस. शनिवारी दुपारी ती नळी थाळीत रिकामी करायची आणि एकेक अंडं पुन्हा बघत वाद घालायचा. जी हरेल तिनं चहा करायचा. मी एकदा सुचवलं होतं की ज्याच्यावर एकमत होत नाही ते अंडं निलेशकडं पाठवू, तो ठरवील. तू चष्मा काढून माझ्याकडं असं बघितलंस, जणू मी कुणाची तरी फसवणूक सुचवली होती. "तिसरं माणूस नाय. एक तं पटवून दे, नाय तं पटवून घे," म्हणालीस. वाद चढला की तुझी खुलताबादकडची बोली बाहेर यायची. कॉलेजात तिचा मागमूस लागू द्यायची नाहीस. ती बोली ऐकायला मी कधी कधी मुद्दाम खोटंही भांडले आहे, हे तुला माहीत होतं का?

आणि ती कोकणची सहल. एवढी वर्षं बाटल्या बघतोय तर एकदा जहाज तरी बघून येऊ म्हणून निलेशनं बोलावलं. होडी धक्क्याला बांधलेलीच होती, सुटलीही नव्हती, आणि तू ओकलीस. मग मी तुला धरून मासळीबाजारात आणलं. बाजारात एका बाईनं चांदीसारख्या माशांची रास लावलेली. तू त्यातला एक उचललास, उलटासुलटा केलास आणि तिला विचारलंस, "ही कुठली मासळी हो?" ती म्हणाली, "तारली, आणखी काय?" सुमन, तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिची अंडी तू काळोखातसुद्धा ओळखली असतीस, आणि आईला ओळखलं नाहीस. मी रस्त्यावर बसून हसले. तू रागावलीस, मग तूही हसलीस, आणि मग म्हणालीस की आपल्याला कधी कुणी आई दाखवलीच नव्हती. वास सहन होत नाही म्हणून तिथं जेवलीही नाहीस. मटण ओरपणारी बाई, माशाचं नाव काढलं की नाकाला रुमाल. परतीच्या गाडीत भेळ खाऊन झोपलीस, माझ्या खांद्यावर.

त्या गाडीत मी एक गोष्ट बोलणार होते. माझ्या पुंडलिकनगरच्या घराची वरची खोली मुलगा गेल्यापासून बंद आहे, तू भाड्याच्या एका खोलीत राहतेस, मग माझ्याकडंच ये की राहायला. मनात वाक्य तयार होतं. पण तू म्हणाली असतीस, "तुझी कटकट ऐकायला?" आणि मी हसून सोडून दिलं असतं, आणि मग ते पुन्हा बोलता आलं नसतं. म्हणून योग्य वेळी बोलू म्हटलं. पुढं दरवेळी वाटायचं, आता शनिवारी बोलू. शनिवारी तू अंड्यावरून असं काही पेटवायचीस की राहून जायचं. वरच्या खोलीला मी मध्यंतरी रंगही देऊन घेतला होता. तुला दाखवायला म्हणून चहाला बोलावलं तर तू रंग फिका आहे म्हणालीस आणि मी पुन्हा गप्प बसले.

दिवाळीनंतरचं खोकं आलं आणि आपलं बिनसायला लागलं. तुला जिकडंतिकडं मेलेली अंडी दिसायला लागली. मला जे स्वच्छ दिसायचं ते तुला धुरकट. आधीच्या आठवड्यांत नळीत दोनचार अंडी असायची, आता ती भरायला लागली. पहिल्या काही शनिवारी तू मला पटवलंस. तू मुद्दे तरी कसले काढलेस. पाणी त्या भागात तापलं असणार, पृष्ठभागावरचं अंडं तग धरणार नाही, आणि बाटलीत फॉर्मालिन वेळेवर पडलं असेल तर धुरकटपणा समुद्रातलाच. मी बघायचे, मला स्वच्छ दिसायचं, आणि तुझं बोलणं ऐकता ऐकता तेच अंडं मलाही जरा मळकट वाटायला लागायचं. तुझ्याइतकी नजर माझी कधी नव्हती, हे मी पहिल्यापासून मानत आले होते. मी चहा केला, तू सही केलीस, मी सही केली, कागद किनाऱ्यावर गेले.

मग तू शनिवार टाळायला लागलीस. आज डोकं दुखतंय. आज बँकेत जायचंय. आज राहू दे गं, पुढच्या वेळी एकदम बघू. नळी भरली, दुसरी काढली. मला वाटलं, वय झालं, हेकट झालीस. एकदा मी म्हणालेसुद्धा, "सुमन, हल्ली तुला सगळं मेलेलंच दिसतं." तू काहीच बोलली नाहीस. दुर्बिणीचं चाक फिरवत बसलीस, मागं पुढं, मागं पुढं. तू उलट बोलली नाहीस अशी ती एकच वेळ असेल. शोकसभेतल्या त्या बाई इतक्यापुरत्या खऱ्या ठरल्या.

त्यानंतर एका सकाळी तू आली नाहीस. तुझ्या घरमालकिणीचा फोन आला. मी पोचले तोवर मेंदूत रक्तस्राव होऊन सगळं आटोपलं होतं. गॅसवर चहाचं पातेलं होतं, त्यात पाणी होतं, गॅस लावलेला नव्हता. मी ते पातेलं उचलून घासून ठेवलं. का, ते मला विचारू नकोस. काहीतरी करायला हवं होतं.

दहाव्याला मी तुझ्या गावी गेले. खुलताबादच्या पुढं रस्ता उखडलेला आहे, रिक्षावाल्यानं तिथंच सोडलं, उरलेलं चालत गेले. विधी झाला, माणसं पांगली, तुझे भाऊ, रंगनाथदादा, माझ्याजवळ येऊन बसले. तुझ्यासारखेच ते, वाक्य बोलायच्या आधी आभाळाकडं बघतात. म्हणाले, "बाई, एक इचारू का? ती म्हनायची, आमी अंडी मोजतो. कशाची म्हनलं, तं म्हने माशाची. आन् मासा तं तिनं जल्मात खाल्ला नाय. ह्ये खरं हाय का?"

"खरं आहे, दादा."

"मंग तिला दिसत कसं व्हतं?"

मी म्हटलं, म्हणजे काय?

"डोळं गेलं व्हतं की तिचं. दिवाळीला आली तं तांदळातलं खडं दिसंनात. मीच नेलं डागदराकडं. साखर लई वाढली, डोळ्याच्या मागल्या पडद्याला पानी धरलंय म्हनले. सुया घ्या म्हनले डोळ्यात. ही म्हनली, बघू."

मी विचारलं, मग मला का नाही कुणी सांगितलं? दादांनी आभाळाकडं बघितलं. "तुमालाच सांगू नको म्हनली व्हती, बाई. म्हनली, वैजूला कळलं तं ती मला खुर्चीवर बसू देनार नाय. मी म्हनलं, मंग नको बसू. तं म्हनली, दादा, मंग मी दिवसभर काय करू?"

येताना बसमध्ये खिडकीशी बसले. बस दर्ग्याच्या वळणावर थांबली, माणसं चढली, उतरली. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. तू खरं बोलली होतीस. मी नसतंच बसू दिलं तुला. डोळ्यावर उपचार झाल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू दिला नसता, आरडाओरडा केला असता, तुला ओढत नेत्रवैद्याकडं नेलं असतं. आणि म्हणूनच तू मला सांगितलं नाहीस. तुला मी पुरती माहीत होते. मला तू नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेले आणि भांडणाच्या दोन्ही नळ्या थाळीत ओतल्या. दुर्बीण पुसली. खिडकी उघडली, उजेड नीट घेतला. एकेक अंडं सुईनं फिरवून बघितलं. स्वच्छ. पुढचं, स्वच्छ. त्याच्या पुढचं, तेलाचा थेंबसुद्धा कसा टपोरा. तुला माहीत आहे, फॉर्मालिनमध्ये अंडं दिवसेंदिवस धुरकट होत जातं, कधी निवळत नाही. आज जे स्वच्छ आहे ते त्या दिवशीही स्वच्छच होतं. धूर अंड्यात नव्हता. तो तुझ्या डोळ्यात होता, आणि तू तो समुद्रावर घालत होतीस.

इतक्या वर्षांत नळीतली सगळीच्या सगळी भांडणं एकीनं जिंकली असं कधी झालं नव्हतं. काही तुझी, काही माझी, तेव्हाच तर मजा होती. थाळीतलं शेवटचं अंडं बघून झालं आणि मी मागं सरकून बसले. मला तुझा भयंकर राग आला, सुमन. आंधळ्या डोळ्यांनी बसून राहिलीस ती राहिलीस, वर मला मुद्देसूद पटवत होतीस. तापलेलं पाणी काय, पृष्ठभाग काय. तुला ठाऊक होतं की तुला दिसत नाही. मग का भांडलीस? रागानं मी सुई टेबलावर टाकली, ती खाली पडली आणि शोधायला वाकले तर तुझ्या खुर्चीखाली तुझ्या चपला. खोलीतल्या, घरून आणलेल्या, टाच झिजलेल्या. मी तिथंच जमिनीवर बसले. जिन्याखाली सलीमचं मशीन खडखडत होतं. वर येऊन चौकशी करील असं दुसरं कुणी या शहरात मला उरलेलं नाही, हे तिथं बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

राग उतरला तो दादांच्या त्या वाक्यावर. मग मी दिवसभर काय करू. मलाही हाच प्रश्न आहे गं. तू तो मला विचारला असतास तर माझ्याकडं उत्तर तयार होतं, वरच्या खोलीत, रंग देऊन ठेवलेलं.

नंतरचं काम तुला आवडलं नसतं, पण दुसरं काही तू मला करूही दिलं नसतंस. नळ्या उरलेल्या होत्या त्या सोप्या. पण ज्या शनिवारी तू मला पटवलं होतंस त्यांचे कागद तर किनाऱ्यावर गेले होते. त्या बाटल्या अजून फळीवर होत्या. मी त्या सगळ्या पुन्हा काढल्या. सकाळी डबा घेऊन जायचं, उजेड असेपर्यंत बसायचं. डोळे चोळायला थांबले की तुझ्या बाजूची दुर्बीण दिसायची, तिच्यावर तूच शिवलेली खोळ. आपण मेलेली म्हणून सोडलेली अंडी एकेक करून जिवंतांच्या रकान्यात आली. गणित पुन्हा केलं. अंडी वाढली तशा आया वाढल्या. आपण सांगितलं होतं त्याहून तारली जास्त आहे. तू असतीस तर नाक मुरडून म्हणाली असतीस, बघितलंस, कोकणवाल्यांना उगाच घोर लावला.

आता निलेशला काय सांगायचं, हा प्रश्न होता. दोन दिवस मी त्यावर घातले. त्या कागदांवर तुझी सही आहे. तुझ्या नजरेचं नाव किनाऱ्यावरसुद्धा होतं, निलेश नव्या पोरांना सांगायचा, सुमन मॅडमनी बघितलं म्हणजे बघितलं. मला सोपा मार्ग होता. चूक माझी झाली, वय झालं, एवढं म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं आणि तुझं नाव तसंच राहिलं असतं. मी तसं लिहायलाही घेतलं. आणि तुझा तो चेहरा डोळ्यांपुढं आला, निलेशकडं पाठवू म्हटल्यावर केलेला. खोटं वाचन नोंदवायचं, तेही तुझ्यासाठी, हे तू मला कधीच माफ केलं नसतंस. वारलेल्या माणसाला जिंकून देणं ही दया झाली, आणि दया केलेली तुला एकदाही चालली नाही. कॉलेजात साधी बसायला जागा दिली तरी चिडायचीस.

म्हणून काल दुपारी मी निलेशला फोन केला आणि खरं सांगितलं. दिवाळीपासून मॅडमच्या डोळ्यात दोष होता, त्यांनी तो लपवला, त्यांनी मेलेली म्हटलेली अंडी जिवंत होती, मी सगळं पुन्हा वाचलंय, नवे आकडे घे. बोलताना माझा आवाज वर्गात शिकवतानासारखा येत होता. तुझं नाव माझ्या तोंडून खाली आलं, सुमन. तू हरलीस. सगळ्या नळ्या हरलीस.

निलेशनं आकडे उतरवून घेतले. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही कळवलंत ते बरं केलं. आकडे दुरुस्त करतो." मी म्हटलं, एक अडचण आहे. हे सगळं मी एकटीनं वाचलंय. दुसरं वाचन झालेलं नाही. आपल्या पद्धतीत ते बसत नाही. या पुढच्या खोक्यांचंही तसंच होईल, कारण आता दुसरं कुणी नाही.

मला वाटलं होतं तो अडेल. म्हणेल, मग नाही चालणार, दुसरं माणूस शोधा, किंवा सगळं परत पाठवा. मी त्याच्याशी भांडायच्या तयारीत होते, माझ्याकडं मुद्दे होते, तुझेच.

तो म्हणाला, "चालेल की, मॅडम. एक वाचन पुरे."

इतक्या सहज चाललं, सुमन.